‘देणगी’ या शब्दाआडची लूट

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या बॅरी या लहान गावी वाचनालयाच्या इमारतीत एक संग्रहालय आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याने सुमारे १५० वस्तू लाकोटा लोकांच्या स्वाधीन केल्या. शतकाहून अधिक काळ त्या तेथे एका फिरत्या पादत्राण-विक्रेत्याची ‘देणगी’ म्हणून नांदत होत्या. त्यांतील काही वस्तू वूंडेड नी येथे मारल्या गेलेल्यांच्या आहेत, असे वंशजांचे म्हणणे. २९ डिसेंबर १८९० रोजी साउथ डाकोटातील त्या ठिकाणी अमेरिकन लष्कराने अडीचशेहून अधिक लाकोटा स्त्री-पुरुष व मुले मारली आणि प्रेतांवरून उतरवलेल्या कपड्यांचाही पुढे बाजार झाला. देणगी या शब्दाने किती गोष्टी झाकता येतात!

या मणीकामाचे अर्थकारणही पाहिले पाहिजे. व्हेनिस व बोहेमियाचे काचमणी फरच्या व्यापारातून मैदानी प्रदेशात आले. त्यांच्या मोबदल्यात गेलेली कातडी कमावण्याचे कष्ट बव्हंशी स्त्रियांचे होते. मणी येण्यापूर्वी साळिंदराच्या काट्यांनी भरतकाम करणाऱ्या याच स्त्रियांनी परक्या मण्यांतून स्वतःची नक्षी घडविली. मुली बाहुल्यांचे कपडे करता करता हे काम शिकत. १८८० च्या दशकात गव्यांचे कळप संपले, लोक राखीव क्षेत्रांत सरकारी शिध्यावर आले, आणि तेच मणीकाम दुकानदारांना विकण्याची पाळी आली. संग्रहालयांच्या नोंदवहीत देणाऱ्याचे नाव ठळक असते. करणारणीचे बहुधा नसतेच.

संग्रहालयांनी या वस्तू जतन केल्या नसत्या तर त्या नष्ट झाल्या असत्या, असा युक्तिवाद केला जातो. तो अगदीच खोटा नाही. परंतु १८८३ च्या नियमांनी या लोकांचे धार्मिक नृत्य व विधी गुन्हा ठरविले होते, हे तो करणारे सोयीस्करपणे विसरतात. ज्या सत्तेने विधी बंद पाडले, तिच्याच समाजाने मग विधीची वस्त्रे ‘लोप पावणारी’ म्हणून काचेत ठेवली.

१९९० च्या कायद्याने पूर्वजांचे अवशेष व पवित्र वस्तू परत मागण्याचा हक्क मिळाला खरा; पण तो संघराज्याचा पैसा घेणाऱ्या संस्थांपुरता. बॅरीचे संग्रहालय त्याबाहेर राहिले, म्हणून मागणीला तीस वर्षे लागली. जानेवारी २०२४ पासून अशा वस्तू मांडण्यापूर्वी संबंधित जमातीची संमती आवश्यक झाली, तेव्हा न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने दोन दालने बंद केली. खाजगी संग्रह मात्र आजही मोकळेच आहेत.

ग्लासगोच्या केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालयावर अमेरिकन कायद्याची सक्ती नव्हती. तरीही वूंडेड नी येथून आलेला मानला जाणारा, प्रेतनृत्य पंथाचा एक अंगरखा त्याने १९९९ मध्ये परत केला. त्याच्या जागी प्रतिकृती आली. ती शिवली मार्सेला लबो या लाकोटा स्त्रीने.