‘बिग बर्था’ची प्रतिकृती आणि पांगाऱ्याचे लाकूड

जुन्या मॉडेल रॉकेटची प्रतिकृती करणे म्हणजे एखाद्या खऱ्या अग्निबाणाची लहान आवृत्ती करणे नव्हे. कागदी नळी, लाकडी नाक, लाकडी पर आणि छत्री एवढ्या साहित्यावर एकेकाळी खोक्यात भरून विकल्या गेलेल्या आणि पुढे बदललेल्या वा बंद झालेल्या संचाची, त्याच्याच मापांनी आणि शक्यतो त्याच्याच पद्धतीने केलेली ती पुनर्बांधणी असते, आणि म्हणून तिचे मूळ खुद्द एक खेळणे असले, तरी त्या खेळण्याला कूळ आणि इतिहास दोन्ही आहेत. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात नॉरफोक या गावी पादत्राणांचे दुकान चालविणाऱ्या ऑरव्हिल कार्लाइल यांनी 1954मध्ये पहिले मॉडेल रॉकेट बनविले; 1957मध्ये जी. हॅरी स्टाइन यांनी त्या कल्पनेला सुरक्षिततेच्या नियमांची चौकट दिली. आणि 1958मध्ये डेन्व्हर येथे व्हर्न एस्टेस यांनी शोभेच्या दारूच्या घरच्या व्यवसायातील अनुभव वापरून छोट्या कागदी इंजिनांचे यंत्रावरील उत्पादन सुरू केले. ‘बिग बर्था’ हे त्याच एस्टेस यांच्या कंपनीचे 1960च्या दशकातील रॉकेट. सुमारे 61 सेंटिमीटर लांबी, 41.6 मिलिमीटर व्यासाची जाड नळी, गोलाईदार चार पर आणि काळा रंग या गोष्टींमुळे ते आजही लांबून ओळखू येते.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील मॉडेलकारांनी हेच रॉकेट हाती घ्यावे, असे सुचविण्यामागे कारण आहे. त्याची घडण साधी आहे, मापे सर्वज्ञात आहेत, आणि मूळ संचातील नाक व पर ज्या बाल्सा लाकडाचे होते ते लाकूड इकडे सहज मिळत नसल्यामुळे प्रतिकृतीतील सर्वांत अवघड प्रश्न, म्हणजे मूळ द्रव्याच्या जागी काय वापरायचे आणि तसे केल्याने काय बदलते हा प्रश्न, या एकाच कामात पुरेपूर सोडवावा लागतो. बाल्सा हा दक्षिण अमेरिकेतील वृक्ष असला, तरी तो सह्याद्रीच्या उतारांवर फाल्गुनात लाल फुलांनी पेटणाऱ्या काटेसावरीच्याच कुळातील आहे. काटेसावरीचे लाकूड आगपेटीच्या काड्यांसाठी वापरले जाते, तर सावंतवाडीची पारंपरिक लाकडी खेळणी पांगाऱ्याची होत असत. दोन्ही लाकडे मऊ, हलकी आणि सुरीला वश होणारी आहेत. मात्र ती ओली असताना वापरली तर कीड लागते, डाग पडतात आणि नंतर माप सुटते, म्हणून सावलीत पुरती वाळविलेली फळीच घ्यावी. नळीच्या तोंडात घट्ट बसविलेले नाक उन्हाळ्यात आकसून गळून पडणे हा ओल्या लाकडाचाच प्रताप असतो.

पांगारा वजनाने बाल्साच्या दीडपट ते दुप्पट भरतो, आणि येथेच खरा विचार सुरू होतो. रॉकेट हवेत सरळ जाते ते दोन बिंदूंच्या परस्परसंबंधामुळे. पहिला गुरुत्वमध्य, म्हणजे ज्या बिंदूवर आडवे टेकविले असता रॉकेट तोल सांभाळते तो. आणि दुसरा दाबमध्य, म्हणजे वाऱ्याचा बाजूने येणारा सारा जोर जेथे एकवटला असे मानता येते तो. गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढे, नाकाच्या बाजूला, किमान नळीच्या एका व्यासाइतक्या अंतरावर असावा, असा या क्षेत्रातील रूढ नियम आहे. दाबमध्य गणिताने काढण्याची सुटसुटीत रीत जेम्स बॅरोमन यांनी 1966मध्ये मॉडेलकारांपुढे मांडली आणि ती आजही वापरात आहे. या नियमाच्या उजेडात पाहिले तर नाक जड झाल्याने गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि स्थैर्य वाढते, पण तेच जड लाकूड परांना वापरले तर शेपटीचे वजन वाढून गुरुत्वमध्य मागे येतो आणि स्थैर्य घटते. म्हणजे पांगारा नाकाला चालतो, परांना चालत नाही, निदान मूळ जाडीत तर नाहीच. परांसाठी मूळ संचातील पट्टी सुमारे 2.4 मिलिमीटर जाडीची होती. तेथे बाहेरून मागविलेली बाल्साची पट्टी वापरणे हा सरळ मार्ग आहे, आणि स्थानिक लाकडाचा हट्टच असेल तर पर पातळ तासून दोन्ही बाजूंना कागद चिकटवावा, म्हणजे वजन वाचते आणि ताठपणाही राहतो. दोन्ही प्रकारांत लाकडाचे तंतू पराच्या पुढच्या कडेला समांतर ठेवावेत. तंतू आडवे गेले तर जमिनीवर पडताना पर मुळाशी तुटतो, आणि हा दोष वरून कितीही रंग दिला तरी झाकला जात नाही.

नाक तासण्यासाठी या भागात वेगळा कारागीर शोधत हिंडण्याची गरज नाही. किर्लोस्करवाडीत 1910पासून उभ्या राहिलेल्या ओतकामाच्या परंपरेने आणि पुढे मिरज, कुपवाड, सातारा येथील औद्योगिक वसाहतींनी पॅटर्न मेकर नावाचा एक कारागीर या मातीत रुजविला आहे. ओतीव भागाचा साचा घेण्यासाठी आधी त्या भागाची लाकडी प्रत तयार करणारा, आणि धातू थंड होताना किती आकसेल ते धरून ती प्रत हिशेबाने थोडी मोठी ठेवणारा हा माणूस लाकडात अर्ध्या मिलिमीटरचा फरक हाताने ओळखतो. त्याच्याकडे पत्र्याचा कापलेला फर्मा घेऊन जावे. लेथवर लाकूड फिरत असताना तो फर्मा लावून उजेड कोठून दिसतो ते पाहत नाक उतरविले, तर चारही बाजूंनी सारखी गोलाई मिळते. मॉडेलकारांच्या मंडळांत अशा कारागिरांना फारसे बोलावले जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

नळीबाबत थोडे अधिक तपशिलाने लिहिणे भाग आहे, कारण बाजारातील कापडाच्या किंवा फॉइलच्या गुंडाळीची नळी सापडली म्हणून रॉकेटचेच माप बदलण्याची सवय सर्रास दिसते. मूळ नळीचा आतील व्यास सुमारे 40.5 मिलिमीटर आणि भिंतीची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित वर आहे. नळकामाच्या दुकानात मिळणाऱ्या 40 मिलिमीटर पीव्हीसी पाइपचा हा आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो. त्या पाइपवर साधा कागद एक-दोन वेढे गुंडाळून माप 40.5वर आणावे, त्यावर प्लॅस्टिकचा पातळ कागद ओढावा, म्हणजे डिंक पाइपला धरत नाही, आणि मग पाणी घातलेल्या फेविकॉलने क्राफ्ट कागदाचे थर भिंत हव्या त्या जाडीची होईपर्यंत चढवावेत. प्रत्येक थरानंतर कापडाने घासून बुडबुडे काढावेत आणि पुरी वाळल्याखेरीज नळी पाइपवरून उतरवू नये. अशी नळी मापात अचूक येते, परंतु तिचा सांधा सरळ, टोकापासून टोकापर्यंत जातो, तर मूळ नळी अरुंद पट्ट्या तिरप्या गुंडाळून केलेली असल्यामुळे तिच्या अंगावर पीळदार रेघ असते. रुंद कागदाऐवजी पट्ट्या कापून तिरप्या गुंडाळल्या तर तीही रेघ साधते. हाताला वळण लागायला वेळ लागतो, एवढेच.

ही पीळदार रेघ हा फिनिशिंगमधील जुना वादाचा विषय आहे. ती लांबी भरून, अस्तराचे हात देऊन आणि पाणी लावून वॉटर पेपरने घासून संपूर्ण नाहीशी करावी, असे मानणारा मोठा वर्ग आहे, आणि काळ्या रंगावर प्रत्येक खोट दुप्पट दिसत असल्यामुळे ‘बिग बर्था’च्या बाबतीत हा मोह अधिकच होतो. प्रस्तुत मासिकाचे मत वेगळे आहे. मूळ संच घरोघरी शाळकरी मुलांनी, ब्रशने किंवा डब्यातील फवाऱ्याने रंगविले. त्या काळच्या हातांनी जी चकाकी आली नसती ती आजच्या प्रतिकृतीवर आणली, तर ती मोटारीच्या पत्र्यासारखी दिसते आणि कागद व लाकूड यांपासून झालेल्या वस्तूचे रूप हरवते. लाकडाची छिद्रे बुजलीच पाहिजेत, कारण खडबडीत परामुळे हवेचा रोध वाढतो. पर आणि नळी यांच्या सांध्यात फेविकॉलची उतरती भर दिलीच पाहिजे, कारण तिने सांधा बळकट होतो, आणि फेविकॉल वाळताना बसत असल्याने ती भर दोन-तीन वेळा द्यावी लागते. परंतु नळीवरील रेघ उजेडात तिरकी धरल्यावर पुसट दिसत असेल, तर तेवढी ती राहू द्यावी.

छिद्रे बुजविण्यासाठी बाजारातील सँडिंग सीलर वापरणे सोयीचे आहे, पण मिरजेच्या तंबोरा आणि सतार करणाऱ्या कारागिरांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या असलेले लाखेचे पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळविलेला चपडा, पांगाऱ्याच्या जाड छिद्रांवर उत्तम काम करते. पातळ हात द्यावा, वाळू द्यावा, बारीक पॉलिश पेपर फिरवावा आणि पुन्हा हात द्यावा. बोटाला तंतू लागेनासे झाले की थांबावे. येथे हवामानाचा विचार टाळता येत नाही. जावळी, पाटण, शिराळा या पावसाच्या तालुक्यांत जून ते सप्टेंबर लाखेचे पॉलिश किंवा एन.सी. रंग देणे म्हणजे काम स्वतःहून बिघडविणे होय, कारण स्पिरिट किंवा थिनर झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतील ओल त्यावर बसते आणि रंगाचा थर पांढुरका पडतो; काळ्या रंगावर तर तो राखेचा हात फिरविल्यासारखा दिसतो. उलट माण, आटपाडी, जत या कोरड्या भागांत एप्रिल-मेमध्ये फवाऱ्यातील थेंब पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच अर्धे वाळतात, परिणामी अंग खरखरीत होते, आणि वर धूळ बसते ती वेगळीच. दिवाळीपासून माघापर्यंतचे महिने, तेही सकाळचे दव उतरल्यानंतरचे तास, दोन्ही जिल्ह्यांत सर्वांत भरवशाचे आहेत.

बदललेल्या द्रव्याची नोंद ठेवणे हे मात्र कोणत्याही ऋतूत टाळण्यासारखे नाही. औंधच्या श्री भवानी वस्तुसंग्रहालयात भवानराव पंतप्रतिनिधींनी अस्सल कलाकृतींबरोबर युरोपातील नामांकित कृतींच्या नकलाही जमविल्या. मूळ कृती पाहायला जाणे ज्यांना शक्य नाही अशांना त्यांचा परिचय घडावा, हे त्या नकलांचे प्रयोजन, आणि नक्कल ही नक्कल म्हणून ओळखली जाते तोवरच ते साधते. रॉकेटच्या प्रतिकृतीतही नाक पांगाऱ्याचे, नळी हाताने गुंडाळलेली, सील लाखेचे, अशी चिठ्ठी लिहून ती नाकाच्या बुडाशी किंवा इंजिनाच्या नळीमागे चिकटवून ठेवावी. दहा वर्षांनी दुसऱ्या कोणी ती प्रतिकृती मूळ समजून तिची मापे घेतली, तर चूक पुढे सरकत जाते, आणि या छंदात अशी पुढे सरकलेली मापे थोडी नाहीत.

आता उड्डाणाचा प्रश्न. तासगाव तालुक्यातील कवठे एकंद येथे दसऱ्याच्या रात्री सिद्धराजाच्या पालखीपुढे होणारी आतषबाजी पाहिलेल्या वाचकांना काळ्या दारूचे कौशल्य या भागाला नवे नाही हे माहीत आहे. त्याच गावाने दारूकामातील स्फोटात माणसे गमावलेली आहेत हेही माहीत आहे. 1884चा स्फोटके कायदा आणि 2008चे स्फोटके नियम यांनुसार परवान्यावाचून स्फोटक द्रव्य तयार करणे हा गुन्हा आहे, परवान्यांची केंद्रीय व्यवस्था पाहणाऱ्या ‘पेसो’ या संघटनेचे मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपुरात आहे, आणि घरी इंजिन भरण्याची कोणतीही कृती हे मासिक छापणार नाही. तरीही प्रतिकृती उडण्याजोगी आहे की नाही, हे दारूचा कणही न वापरता तपासता येते. मूळ इंजिनाच्या मापाचा, 18 मिलिमीटर व्यासाचा, 70 मिलिमीटर लांबीचा आणि सुमारे 20 ग्रॅम वजनाचा ठोकळा शेपटीत बसवावा, छत्री घडी घालून आत ठेवावी, गुरुत्वमध्याशी दोरा बांधावा आणि मोकळ्या मैदानात रॉकेट डोक्याभोवती गरगर फिरवावे. नाक पुढे करून ते फिरत राहिले तर घडण स्थिर आहे. शेपटी पुढे आली किंवा ते आडवे गटांगळ्या खाऊ लागले, तर नाकात थोडे शिसे भरावे किंवा पर हलके करावेत. जड पर लावणाऱ्यांची चूक या चाचणीत पहिल्या दोन फेऱ्यांतच उघडी पडते.

‘बिग बर्था’ हाताखालून गेली की देशी मूळ असलेल्या रॉकेटकडे वळण्यास हरकत नाही. थुंबा येथून 20 नोव्हेंबर 1967 रोजी उडालेले ‘रोहिणी-75’ हे भारतीय बनावटीचे पहिले वातावरणशोधक रॉकेट, आणि त्याच्या नावातील आकडा हा त्याचा मिलिमीटरमधील व्यास आहे, म्हणून 25 मिलिमीटरच्या नळीवर ते बरोबर एकास तीन प्रमाणात बसते. तेथे मूळ वस्तू धातूची असल्यामुळे लाकडाचा एकही तंतू दिसता कामा नये, आणि वर रेघेबद्दल जे सांगितले त्याच्या नेमके उलट वागावे लागते.