औषध पखालीला

चांदीप गावात बोअरच्या मोटरचा कंट्रोल बोर्ड पावसाळ्यात गेला की सल्ला ठरलेला: "एपॉक्सी ओता, दगड करून टाका, मग पाऊस काय करतो ते बघू." कठीण ते टिकाऊ, ही त्यामागची समजूत. मला ती मुळातच मान्य नाही.

एपॉक्सी घट्ट चिकटतं, पाणी कमी शोषतं, हे खरंच. गाडीच्या इग्निशन कॉइलमध्ये ते शोभतंही. पण तापलं की ते बोर्डापेक्षा कितीतरी जास्त फुगतं. दर अंशाला बोर्ड दहा लाखांत साधारण 15 भाग वाढतो, तर नुसतं, भुकटी न मिसळलेलं एपॉक्सी 50 ते 60 भाग. 10 सेंटिमीटर लांबी आणि 50 अंशांचा चढउतार धरला तर फरक 0.2 मिलिमीटरच्या घरात जातो. सिरॅमिक कपॅसिटर तडकायला, सोल्डरचे सांधे सैल व्हायला एवढी ओढ पुरते. आपल्याकडे पत्र्याच्या पेटीवर दुपारी ऊन, आत बोर्डाची स्वतःची धग, आणि तेवढ्यात सर कोसळते. पावसातून वाचलेला बोर्ड मग कवचाच्या ओढीनं मरतो, आणि तो दगड फोडून दुरुस्तीही करता येत नाही.

"मग सिलिकॉन घ्या, रबरातून पाणी जातंय कुठे!" हा दुसरा पक्ष. उणे 50 पासून 200 अंशांपर्यंत ते मऊच राहतं, हे कबूल. पण पाण्याची वाफ सिलिकॉनमधून चांगलीच आरपार जाते. गंमत अशी, की तरीही बोर्ड वाचतो. नुसती वाफ फारसं बिघडवत नाही. थर तांब्यापासून सुटलेला असेल आणि त्या फटीत फ्लक्सचे क्षार किंवा हाताचा घाम असेल, तर तिथे पाण्याचा पापुद्रा धरतो आणि गंज सुरू होतो. राखण करते ती चिकटण्याची पकड. थराची जाडी नव्हे. (खिडक्यांना लावतात तो आंबट वासाचा सीलंट मात्र बोर्डाजवळही नेऊ नये, सुकताना तो ॲसिटिक आम्ल सोडतो आणि तांबं खातो.)

म्हणजे बोर्ड न धुता, न वाळवता कंपाउंड ओतणं हा रोग रेड्याला, औषध पखालीला असाच प्रकार. आत कोंडलेला ओलावा मग बाहेर पडणार कसा?

अशा बोर्डाला मी दोन भागांचं मऊ पॉलीयुरेथेन सुचवीन. तेही अटीवर: आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुऊन बोर्ड ओव्हनमध्ये वाळवावा आणि हार्डनरचा डबा उघडा ठेवू नये. हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी भिडला की कार्बन डायऑक्साइडचा फेस होतो. जुलैत ओतलेला बोर्ड आतून जाळीदार निघाला तर दोष मालाचा नसतो.

"एवढी उठाठेव कोण करणार?" कुणीच करणार नसेल, तर ओतूच नका. पेटी चांगली असेल, वायर खालून ग्लँडमधून घेतली असेल, तर ॲक्रिलिकचा पातळ लेप बहुतेक वेळा भागवतो, आणि एखादा भाग बदलायचा झाला तर तो थिनरनं निघतोही. ओतायचंच ठरलं, तर उघडा रिले वगळा आणि मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या डोक्यावरची फुलीसारखी खाच मोकळी ठेवा. आतला दाब तिथूनच सुटतो.