भातुकली मुलींची, ऑर्डर आचाऱ्याची

उष्टावणाच्या दिवशी बाळासमोर पुस्तक, लेखणी, सोन्याचा दागिना असं काय काय मांडायचं आणि बाळ पहिला हात कशाला लावतंय ते बघायचं, ही आपल्याकडची जुनी चाल. पोथ्यांत तिला जीविकापरीक्षा म्हटलंय. लेखणी धरली की पोर शिकणार, दागिना धरला की सराफीत नाव काढणार. सगळे हसतात, पेढा खातात आणि विसरून जातात. त्यात वावगं काही नाही.

हल्ली मात्र ही गंमत कुणी विसरत नाही. खेळण्यांच्या खोक्यांवरच लिहिलेलं असतं, याने इंजिनीअर घडतो, याने शास्त्रज्ञ. करिअरवर व्याख्यान द्यायला आलेले पाहुणे आयांना विचारतात, ‘लहानपणी तुमची मुलगी कशाशी खेळायची?’ आणि ‘बाहुलीशी’ म्हटलं की मान अशी हलवतात, जणू रोगाचं मूळ सापडलं. म्हणजे मुलगी मागे पडली तर दोष कुणाचा? आईचा. ठोकळे घ्यायचे सोडून तिने बाहुली घेतली. माझं भांडण आहे ते या हिशेबाशी.

अहो, खेळण्यावरून धंदा ठरत असता तर गावातले सगळे आचारी बायका असत्या! पिढ्यान् पिढ्या भातुकली मांडली कुणी? आपण. आणि बस्तीत पंचकल्याणक असो की कार्यालयात लग्न, हजार पानांची ऑर्डर घेतो कोण? आचारी. तो पुरुष. त्याने लहानपणी इवल्याशा चुलीवर चुरमुऱ्यांचा भात शिजवला होता, असं काही कुणी ऐकलेलं नाही. ज्यांनी तो शिजवला त्या मागच्या अंगणात रोजावर पोळ्या लाटत बसलेल्या असतात. बाहुलीला झबली आपण शिवली. बाजारात शिलाईच्या मोठ्या दुकानावर पाटी मात्र पुरुषाच्या नावाची, आणि हुक-काजं, फॉल-पिको नगावर करायला घरोघरच्या बायका. खेळ आपला, कसबही आपलं, गल्ला दुसऱ्याचा. मग खेळण्याने काय ठरवलं?

खेळण्याला काहीच अर्थ नाही, असं मी म्हणत नाही. पण खेळणं एकटं काही करत नाही. ते कुणाच्या हातात दिलं, कुठे ठेवलं, उघडून बघायची मुभा कुणाला होती, यावर पुढचं ठरतं. याचं मोठं उदाहरण परदेशातलं आहे, पण आपल्याला चपखल बसतं. अमेरिकेत १९८४ च्या सुमारास संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्या शंभरांत ३७ मुली होत्या. पुढे वैद्यकी, वकिली सगळीकडे मुली वाढत गेल्या आणि इथे मात्र घसरत पुढे वीसच्याही खाली आल्या. मुलींची बुद्धी काही एकाएकी आटली नव्हती. त्याच दशकात घरगुती कॉम्प्युटर बाजारात आला होता, आणि तो मुलग्यांचं खेळणं म्हणून विकला गेला. कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर या दोघांनी विद्यार्थ्यांशी बसून बोलून याचा शोध घेतला. घरात कॉम्प्युटर यायचा तो बहुतेक मुलाच्या खोलीत जायचा. बाप मुलाला शेजारी बसवून शिकवायचा, बहीण दारातून बघायची. कॉलेजात पहिल्या दिवशी मुलाला दहा गोष्टी आधीच येत असायच्या आणि मुलीला वाटायचं, आपल्यात ते उपजत नाही.

पुढचं तर आवर्जून ऐकण्यासारखं आहे. त्या विद्यापीठाने प्रवेशासाठी आधीच्या अनुभवाचा आग्रह सोडला, नवख्यांसाठी शिकवण्याची वेगळी सोय केली. १९९५ मध्ये तिथे या विषयाला येणाऱ्यांत मुली शंभरात ७ होत्या, २००० मध्ये ४२ झाल्या. त्या मुलींचं बालपण तर कुणी बदललं नव्हतं. म्हणजे लहानपणी हुकलेलं खेळणं मोठेपणीही भरून काढता येतं, फक्त दार उघडणारं कुणी हवं.

आता आपल्या घरात या. आपल्या समाजात दुकान नाहीतर शेती. मे महिन्याच्या सुट्टीत बारा वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर दुकानात जातो. वजनं हाताळतो, सुटे पैसे मोजतो, उधारीच्या वहीत डोकावतो, गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलून बघतो. चुकला तर वडील हसून म्हणतात, ‘शिकतोय.’ हा खेळच आहे, खऱ्या वस्तूंशी खेळलेला. त्याची बहीणही त्या दुकानात जाते, पण जेवणाचा डबा द्यायला. डबा ठेवायचा आणि पायऱ्या उतरायच्या.

तिची भातुकली नववं-दहावं वर्ष लागलं की खरी होते. लुटुपुटुच्या चुलीच्या जागी गॅस येतो, मातीच्या भाकरीच्या जागी ज्वारीची. तीही शिकतेच आहे, पण तिची भाकरी फाटली तर ‘शिकतेय’ म्हणून हसणारं कुणी नसतं. ‘सासरी काय करशील?’ हे ठरलेलं. मुलाचा खेळ मोठा होऊन दुकान होतो, मुलीचा मोठा होऊन काम होतो, आणि त्या कामाची नोंद कुठल्याच वहीत नसते. पुढे तीच मुलगी बी.कॉम. पहिल्या वर्गात पास होऊन घरी बसते आणि बारावीला अडलेला भाऊ गल्ल्यावर. वर आपणच म्हणतो, ‘मुलींना व्यवहार कळत नाही गं!’

यावर नव्या विचारांच्या आया एक तोडगा काढतात. बाहुली बंद, भातुकली बंद, मुलीला स्क्रू-ड्रायव्हरच द्यायचा. मला तेही पटत नाही. सावंतवाडीच्या चितारआळीतली ती रंगीत लाकडी भातुकली तुच्छ मानण्यासारखी नाही. चार मुली आणि एक शेंगदाण्याची वाटी यांचा संसार मांडून बघा. वाटणी करावी लागते, पाहुण्याला आधी वाढावं लागतं, रुसलेलीला परत बोलवावं लागतं, उद्याला काहीतरी उरवावं लागतं. याला मोठ्या कंपन्यांत मॅनेजमेंट म्हणतात आणि शिकवायची भरमसाट फी घेतात. भातुकलीत खोट असेल तर ती एकच, मुलग्याला तिथे मज्जाव आहे. तो बसला तर लगेच ‘बायल्या’. पुढे त्याला स्वतःचा चहा करता येत नाही, आणि ते कपात ओतून द्यायलाही पुन्हा आपणच.

माँतेसोरीबाईंनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालघर काढलं, तिथे पाणी ओतणं, बटणं लावणं, जागा पुसणं हे मुलांना शिकवलं, मुलींनाही शिकवलं. आपल्या ताराबाई मोडकांनी बोर्डीत महागडी साधनं बाजूला सारून आसपास मिळणाऱ्या वस्तूंनीच मुलांना शिकवलं. आगकाडी, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि टाकाऊ कागद यांतून विज्ञानाची खेळणी करणारे अरविंद गुप्ता आयुष्यभर सांगत आले, की मुलाला खेळणं मोडून बघू द्या. म्हणजे खोक्यावर काय छापलंय आणि किंमत किती, याच्याशी गोष्ट येऊन थांबत नाही. वेळ हवा, मोडायची मुभा हवी, आणि शेजारी बसून ‘बघू, आत काय आहे’ म्हणणारं मोठं माणूस हवं. मुलींच्या वाट्याला नेमकं हेच तीन कमी पडतं.

आणि हे सगळं परक्यांकडून शिकायची तरी आपल्याला काय गरज? पाठशाळेत आपण पोरांना भगवान आदिनाथांची गोष्ट सांगतोच. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात ती आहे. ब्राह्मी आणि सुंदरी या आपल्या दोन लेकींना त्यांनी मांडीवर बसवलं, एकीला अक्षरं शिकवली, एकीला अंक. मुलग्यांची पाळी त्यानंतरची. गणिताची पहिली विद्यार्थिनी बापाच्या मांडीवर बसलेली मुलगी होती, असं आपलं पुराण सांगतं, आणि आपण मात्र लेकीला दुकानाच्या पायरीवरून परत पाठवतो! सुंदरीची गोष्ट नुसती सांगायची असेल तर कशाला सांगता?

पुरुषांना नावं ठेवून हा लेख संपवणं सोपं आहे, पण मला ती सोपी वाट नको. महावीर जयंतीला मुलांच्या स्पर्धा कोण ठरवतं? महिला मंडळ. मुलींना रांगोळी, मेंदी, पाककृती आणि मुलग्यांना बुद्धिबळ, प्रश्नमंजूषा अशी वाटणी कोण करतं? बक्षीस म्हणून तिला हळदीकुंकवाची डबी आणि त्याला कंपासपेटी कोण आणतं? ती खरेदी आपल्याच पिशवीतून येते. इथे कुणा ट्रस्टींची परवानगी लागत नाही. पुढच्या बैठकीत विषय मांडा, सगळ्या स्पर्धा सगळ्यांना खुल्या. रांगोळीला मुलगे बसू देत, त्यांचे हात काही झिजणार नाहीत.

आणि येत्या मे महिन्यात मुलगा दुकानात निघाला की मुलीलाही चप्पल घालायला सांगा. डबा मुलाच्या हातात द्या. तिला गल्ल्यामागच्या स्टुलावर बसू दे, सुटे पैसे मोजताना दोनदा चुकू दे. ‘कशाला तिला?’ असं घरातून कुणी विचारलं, तर वडिलांना जे उत्तर चालतं तेच आपल्यालाही चालतं: शिकतेय.