पाय गेले म्हणजे नक्की काय गेलं?

कुवेतला हिवाळ्यात कबदच्या मैदानावर उंटांच्या शर्यती लागतात. पाठीवर माणूस नसतो, छोटासा यंत्रमानव असतो. (कतार आणि अमिरातींनी 2005 मध्ये पोरांना जॉकी म्हणून बसवायला बंदी केली, तेव्हापासून आखातात हे यंत्र रुळलं. चांगलंच झालं.) मालक शेजारच्या रस्त्यावरून गाडी पळवत रिमोटने चाबूक फिरवतो आणि वॉकीटॉकीवर ओरडतो. हुकूम एकच, पळ! कुठला पाय कधी उचलायचा हे यंत्र सांगत नाही. गंमत म्हणजे उंटाचा मेंदूसुद्धा पावलागणिक ते सांगत बसत नाही.

ते काम मज्जारज्जूतल्या पेशींच्या जाळ्याचं. 1911 मध्ये थॉमस ग्रॅहम ब्राऊन यांनी मांजराच्या मज्जारज्जूचा मेंदूशी संबंध तोडला, पायाकडून येणाऱ्या संवेदनांच्या नसाही कापल्या. तरी स्नायू आळीपाळीने, तालात आखडत राहिले! त्यांची कल्पना अशी, की पाय वाकवणाऱ्या आणि ताठ करणाऱ्या पेशींचे दोन गट असतात. एक दुसऱ्याला गप्प बसवतो, मग स्वतः थकतो, की दुसरा उसळतो. पुढे 1966 मध्ये मॉस्कोत शिक, सेवेरिन आणि ओर्लोव्स्की यांनी मांजराच्या मेंदूच्या बुंध्यात एका ठिकाणी विजेचा जोर वाढवत नेला, तर फिरत्या पट्ट्यावर चालणारं मांजर आधी दुडक्या चालीने आणि मग चौखूर धावू लागलं. हुकूम तोच, जोर फक्त वाढला.

आम्हा प्लांटवाल्यांना हे ओळखीचं आहे. कंट्रोल रूम 'चालू' म्हणते, पुढचा क्रम फील्डमधलं पॅनेल बघतं. मधली केबल तुटली म्हणून पॅनेल जळालं असं कोणी धरत नाही.

माणसाच्या बाबतीत मात्र आपण सर्रास धरतो. आखातात परांचीवरून पडून कंबरेखाली लुळा झालेला कामगार गावी पोचतो आणि 'पाय गेले' म्हणून खाटेला खिळतो. एखाद्या रात्री पाय आपोआप झटकतो. आई म्हणते, देवाला दया आली. शेजारी म्हणतात, त्यात काही अर्थ नाही. मला दोन्ही पटत नाही. मार पाठीत वरच्या बाजूला असेल, तर त्या झटक्याचा अर्थ एवढाच, की खालचं जाळं जिवंत आहे. मेंदूचा निरोप पोचला असा नव्हे. हा फरक घरच्यांना साध्या मराठीत सांगणं हे डॉक्टरांचं कामच आहे, उपकार नव्हे.

खोटी आशाही नको. माणसाचं जाळं मांजराइतकं स्वतंत्र नाही, आणि दोन पायांवर तोल सांभाळायला मेंदू लागतोच. पण इजा अर्धवट असली, थोडे तंतू शाबूत असले, तर पट्ट्याने वजन तोलून, ट्रेडमिलवर पावलं टाकायला लावण्याचा उपयोग होऊ शकतो, कारण तळव्यांवर पडणारा भार आणि मांड्यांचा ताण या जाळ्याला जागं करतो. 2018 मध्ये लोझानच्या संशोधकांनी मज्जारज्जूवर इलेक्ट्रोड बसवून, पावलाच्या वेळेबरहुकूम विजेचे स्पंद देऊन तीन रुग्णांना आधाराने चालवलं. तिघांचीही इजा अर्धवट होती.

ते महागडं तंत्र गावात कधी येईल ते येवो. आपल्याकडे जखमी जवानांसाठी पुण्यात खडकीला पुनर्वसन केंद्र आहे. परांचीवरून पडलेल्या कामगाराच्या वाट्याला काय? भरपाई ठरवताना ऑपरेशनचं बिल आणि परतीचं तिकीट मोजतात. फिजिओथेरपीचे पुढचे महिनेही त्यात धरायला हवेत, आणि ते कागदावर लिहून घ्यायला हवेत, विमानात बसायच्या आधी.