आमचा नंबर कुठनं मिळाला?

"नमस्कार ताई, मी पीएच.डी.चे संशोधन करीत आहे. 'ग्रामीण महिलांचे आरोग्य' या विषयासाठी आपली निवड झाली आहे. खालील लिंकवरील फॉर्म भरून सहकार्य करावे. आपली माहिती गोपनीय राहील." खाली जोडलेले दोन हात. लिंक उघडली की नाव, गाव, वय, जात, शिक्षण, घरचं उत्पन्न विचारतात आणि मग पाळी, गर्भपात, गर्भपिशवीचं ऑपरेशन. आमच्या गडहिंग्लज भागातल्या नेसरीसारख्या गावात बचत गटाच्या बाईच्या मोबाइलवर असा मेसेज येतो, तेव्हा ती विषय बघत नाही आणि विद्यापीठही बघत नाही. ती शेजारणीला विचारते, "आमचा नंबर ह्यांना कुठनं मिळाला?"

या प्रश्नाला संशोधकांच्या बाजूनं काही ठरलेली उत्तरं मिळतात. ती देणारे बहुतेक जण प्रामाणिक असतात. त्यांना प्रबंध पुरा करायचा असतो, मुदत संपत आलेली असते, प्रतिसादांचा आकडा गाठायचा असतो. पण उत्तरं चुकीची आहेत, आणि ती चुकीची का आहेत हे स्पष्ट सांगायची वेळ आली आहे.

पहिलं उत्तर असं, की सक्ती कुठं आहे? नको असेल तर फॉर्म भरू नका. शहरातल्या माणसाला हे पटेल. गावात तो मेसेज कुणाकडून येतो ते बघा. बचत गटांचं काम बघणाऱ्या उमेद अभियानातल्या सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताईंनी तो गटावर टाकलेला असतो, नाहीतर मुलाच्या कॉलेजमधल्या सरांनी पुढं पाठवलेला असतो. गटाचं कर्ज ज्या ताईंच्या ओळखीवर हलतं, त्यांना नाही म्हणणं कुठल्या बाईला परवडेल? शिवाय 2024 पासून लाडकी बहीण योजनेनं घराघरात एक गोष्ट पक्की बसवली आहे की मोबाइलवर फॉर्म भरला तर पैसे येतात आणि राहिला तर हप्ता अडकतो. अशा बाईला "आपली निवड झाली आहे" असं कळवायचं आणि वर सक्ती नाही म्हणायचं, हा बचाव टिकत नाही. तिनं भरलेल्या फॉर्मला संमती म्हणता येणार नाही.

दुसऱ्याच्या अधिकाराखाली असलेल्या माणसाची संमती वरच्या वर घेतली की काय होतं, हे आपल्या देशानं पाहिलेलं आहे. 2009 साली तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. खम्मममध्ये कित्येक मुलींच्या संमतीपत्रावर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. पुढच्या वर्षी प्रकल्प थांबवावा लागला आणि 2013 मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं आपल्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. गुगल फॉर्म म्हणजे लस नव्हे, हे मान्य. पण वॉर्डनची सही आणि सीआरपी ताईंचा फॉरवर्ड यांत एक गोष्ट सारखी आहे. ज्याची माहिती त्याला विचारायच्या आधीच दुसऱ्या कुणीतरी होकार देऊन टाकलेला असतो.

दुसरं उत्तर नेहमीचं आहे की नाव कुठंही छापणार नाही. यावर थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त विश्वास याच वाक्यावर ठेवला जातो. अमेरिकेत लतान्या स्वीनी या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी पंचवीसेक वर्षांपूर्वी दाखवून दिलं, की जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा पिनकोड एवढ्या तीन गोष्टींवरून तिथली सुमारे 87 टक्के माणसं एकेकटी ओळखता येतील. मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांचे दवाखान्याचे कागदसुद्धा त्यांनी नाव नसलेल्या यादीतून हुडकून काढले. ती गोष्ट लाखांच्या वस्तीची. आमच्या भागात "वय 41, विधवा, अंगणवाडी सेविका, दोन मुली" एवढं प्रबंधाच्या परिशिष्टात आलं की गावाला नाव सांगावं लागत नाही. एसटी स्टँडवर चहा पीत बसलेला कुणीही सांगेल.

आणि मोबाइल मुळात कुणाचा? सिम बाईच्या नावावर असतं, पण फोन दिवसभर मुलाच्या हातात, रात्री नवऱ्याच्या उशाशी. गर्भपाताचा प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचायच्या आधी घरातल्या तिघांनी वाचलेला असतो. नवऱ्याच्या मारहाणीबद्दलचा फॉर्म असेल, तर तो नवऱ्याच्याच हातात पडतो. नंतर जे घडेल त्याला संशोधक साक्षीला नसतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2001 मध्ये घरातल्या हिंसाचाराच्या संशोधनासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत बाईची सुरक्षितता सगळ्यात वर ठेवली आहे. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण होतं. त्यात हिंसाचाराचे प्रश्न एका घरात एकाच बाईला विचारतात, आणि तिथं दुसरं कुणी नाही याची खात्री झाल्यावरच विचारतात. कुणी अध्येमध्ये आलं तर प्रश्न थांबवतात. देशभर लाखो घरांत जाणाऱ्या सर्वेक्षणाला एवढी काळजी घेता येते, तर शंभर-दोनशे फॉर्म गोळा करणाऱ्याला का घेता येऊ नये?

तिसरं उत्तर कायद्याचं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि त्यातली बहुतेक बंधनं त्यानंतर 18 महिन्यांनी लागू व्हायची आहेत. संशोधनाला त्यात सूट आहे, हे खरं. पण ती सूट मोकळी नाही. माहितीवरून त्या व्यक्तीबद्दल कसलाही निर्णय घ्यायचा नाही आणि नियमांत ठरवलेले दंडक पाळायचे, अशा अटी तिला जोडलेल्या आहेत. आणि ही सूट झाली संशोधकाची. दूध संस्थेच्या सभासदांची यादी, गटाचं रजिस्टर, प्रवेश अर्जावरचे पालकांचे नंबर ज्यांनी काढून दिले, त्यांनी कुठल्या सवलतीवर बोट ठेवायचं? सभासदानं नंबर दिला होता तो दुधाच्या बिलासाठी. आईनं दिला होता तो मुलीचा निकाल कळावा म्हणून. ज्या कामासाठी दिला त्याच कामासाठी तो वापरला जावा, हे या कायद्याच्या संमतीच्या कल्पनेतच आहे.

मतदार यादी तर उघडीच आहे, असंही कुणी म्हणेल. यादी उघडी आहे म्हणून माणूस उघडा होत नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं निकाल दिला, की खासगीपणा हा घटनेनं दिलेला मूलभूत हक्क आहे. हा हक्क जितका दिल्लीतल्या वकिलाचा तितकाच नेसरीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईचा.

याहून सफाईदार एक युक्तिवाद विद्यापीठांत ऐकू येतो. निमंत्रण म्हणजे संशोधन नव्हे, फॉर्म भरल्यावर संशोधन सुरू होतं, म्हणून नैतिकतेचे प्रश्न तिथून पुढं लागू होतात. हा युक्तिवाद कुठं नेतो, ते 2021 च्या डिसेंबरात जगानं पाहिलं. अमेरिकेतलं प्रिन्स्टन आणि नेदरलँड्समधलं रॅडबाउड या विद्यापीठांतले संशोधक अभ्यास करत होते तो खासगीपणाच्या कायद्यांचाच. त्यांनी खोट्या नावांनी असंख्य संकेतस्थळांच्या मालकांना ईमेल पाठवल्या की तुमच्याकडची माहिती मागायची तर पद्धत काय, कायद्याप्रमाणे 45 दिवसांत उत्तर द्या. घरबसल्या छोटं संकेतस्थळ चालवणाऱ्या माणसांना ती कोर्टाची पूर्वतयारीच वाटली. काहींनी वकील गाठले. विद्यापीठाच्या समितीनं आधीच ठरवून टाकलं होतं, की हे माणसांवरचं संशोधन नाही, प्रश्न संकेतस्थळांना विचारलेत. पण ईमेल वाचून झोप उडाली ती माणसांची. शेवटी अभ्यास थांबवून संशोधकांना माफी मागावी लागली. खासगीपणाचे जाणकारसुद्धा पहिल्या मेसेजपाशी चुकतात ते यामुळं, की पहिला मेसेज कुणी मोजतच नाही.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. चिडून काही जण म्हणतात, हे सगळं बंद करा, नंबर ब्लॉक करा, गावात कुणाला फिरकू देऊ नका. मला हे अजिबात मान्य नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रकरण 2019 मध्ये गाजलं. 82 हजारांवर बायकांची पाहणी झाली तेव्हा कुठं कळलं, की त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आहे. कुणी विचारलंच नसतं तर ते दुःख प्रत्येकीच्या घरातच राहिलं असतं. आमच्या गडहिंग्लज, आजरा, चंदगड भागातल्या गिरणी कामगारांच्या बायकांनी नवरा मुंबईत असताना चाळीस-चाळीस वर्षं एकटीनं शेती आणि घर ओढलं. त्यांना कुणी पुरेसं विचारलेलं नाही. त्या पिढीतल्या बायका आता थोड्याच उरल्यात. संशोधक इथं यायलाच हवेत.

प्रश्न कसं यायचं हा आहे, आणि त्याचं उत्तर महाराष्ट्रानं दिलेलं आहे. राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास 1989 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आला. 650 बायकांपैकी 92 टक्के बायकांना स्त्रीरोग होते, हे त्यातून जगाला कळलं. यासाठी खेड्यातल्या बायका आतल्या तपासणीला तयार झाल्या, ही गोष्ट फॉर्मच्या लिंकनं कधी झाली नसती. तपासणाऱ्या डॉक्टरबाईंना त्या ओळखत होत्या, उपचार कुठं मिळणार हे त्यांना ठाऊक होतं. पुणे जिल्ह्यातल्या वढू परिसरात केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र कित्येक वर्षं तीच गावं, तीच घरं पुन्हा पुन्हा अभ्यासत आहे. दार दरवेळी उघडतं, कारण येणारा कोण आणि कुठून आला हे घराला माहीत असतं. जनगणनेचंच बघा. प्रगणक ओळखपत्र दाखवतो, आणि 1948 च्या कायद्याचं पंधरावं कलम त्यानं लिहिलेली माहिती कोर्टातसुद्धा पुरावा म्हणून येऊ देत नाही. हे संरक्षण आहे म्हणूनच सरकारला घरात किती माणसं असं विचारण्याचा अधिकार पोहोचतो.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की संमतीचा हिशेब फॉर्मच्या पहिल्या प्रश्नापासून न धरता नंबर हाती आला त्या क्षणापासून धरा. पहिल्याच ओळीत लिहा, "तुमचा नंबर मला अमक्या संस्थेच्या अमक्या यादीतून, अमक्या व्यक्तीकडून मिळाला." मग स्वतःचं पूर्ण नाव, मार्गदर्शकाचं नाव, विद्यापीठाच्या नैतिकता समितीचा फोन. नको म्हटलं तर नंबर खोडतो आणि पुन्हा मेसेज करत नाही, हे वचन. हे सगळं साध्या मराठीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी यातलं बरंचसं आधीच सांगितलेलं आहे, आणि आरोग्याशी संबंधित सामाजिक संशोधनालाही ती लागू आहेत. म्हणजे गर्भपिशवीबद्दल विचारणारा समाजशास्त्राचा विद्यार्थी त्यातून सुटत नाही.

आणि ज्यांच्याकडं याद्या आहेत त्यांनी त्या देऊ नयेत. गटाच्या सचिवांनी, दूध संस्थेच्या क्लार्कनी, कॉलेजच्या ऑफिसनं एवढंच करावं. संशोधकाचं पत्र स्वतः सभासदांना वाचून दाखवावं, ज्यांना बोलायचं आहे त्यांनी संशोधकाला फोन करावा. नंबर संशोधकाकडं जायचा तो बाईच्या हातूनच जावा.

यावर शेवटचा आक्षेप ठरलेला आहे. असं केलं तर नकार वाढतील, नमुना लहान होईल, निष्कर्ष एका बाजूला झुकतील. वाढू देत नकार. आज जे दोनशे फॉर्म भरून येतात, त्यांतले किती सरांच्या भिडेनं, किती हप्त्याच्या भीतीनं आणि किती मुलानंच आईच्या नावानं भरलेले, हे कुणाला सांगता येतं? त्या आकड्यांवर उभा राहिलेला निष्कर्ष झुकलेला नसतो का? साठ बायकांनी समजून दिलेली उत्तरं आणि सोबत किती जणींनी नको म्हटलं याची नोंद, हे जास्त भरवशाचं काम आहे. प्रबंधात संशोधनपद्धतीचं प्रकरण असतंच. नंबर कुठून मिळवले, कुणाच्या परवानगीनं, नकार किती आले, याचा एक परिच्छेद त्यात सक्तीचा करा. आणि आराखडा मंजुरीसाठी विद्यापीठाच्या संशोधन व मान्यता समितीसमोर (आरआरसी) येईल तेव्हा तज्ज्ञांनी उमेदवाराला नमुन्याचा आकार विचारायच्या आधी नेसरीच्या ताईंचा प्रश्न विचारावा.