गेम सर्व्हरवरील हल्ले : फौज घराघरांतली

विशेष प्रतिनिधी, नागपूर

ऑनलाइन गेम ऐन रंगात आलेला असताना सर्व खेळाडू एकाच वेळी बाहेर फेकले जातात, तेव्हा दोष बहुधा इंटरनेट कंपनीच्या माथी मारला जातो. पुष्कळदा त्यामागे ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ हल्ला असतो. यात सर्व्हरमध्ये शिरकाव करावा लागत नाही. चहूबाजूंनी एवढी निरर्थक माहिती त्यावर लोटली जाते की खऱ्या खेळाडूला वाट उरत नाही. दिवाळीत सीताबर्डीच्या मेन रोडवर काहीही खरेदी न करणारे हजारो लोक आणून उभे केले, तर दुकानांची कुलपे शाबूत राहूनही धंदा बसेल. तसाच हा प्रकार.

संसदेने २०२५मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात ई-स्पोर्ट्सला स्पर्धात्मक खेळ म्हणून स्थान मिळाले. त्यामुळे अर्ध्यावर बंद पडलेला सामना ही आता केवळ पोराटोरांची तक्रार राहिलेली नाही.

या हल्ल्यांचे बळ २०१६ साली उघड झाले. त्या जुलैत मुंबईतील इंटरनेट सेवा पुरवठादारांवर सेकंदाला सुमारे २०० गिगाबिटचा मारा झाला आणि पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. पाठोपाठ ‘मिराई’ अवतरला. नेहमीच्या साठेक युजरनेम-पासवर्डांची यादी घेऊन या प्रोग्रॅमने जगभरचे कॅमेरे व राउटर चाचपले आणि लाखो उपकरणे ताब्यात घेतली. तो लिहिणारे पारस झा, जोसाया व्हाइट व डाल्टन नॉर्मन हे अमेरिकेतील तरुण. मामला राजकारणाचा नव्हता. ‘माइनक्राफ्ट’ या खेळाच्या सर्व्हरांच्या धंद्यातील चढाओढीचा होता. विशेष म्हणजे झा आणि व्हाइट अशा हल्ल्यांपासून संरक्षण देणारी कंपनीही चालवत होते! तिघांनी २०१७मध्ये गुन्हा कबूल केला. तोवर मिराईचा कोड सर्वांच्या हाती पडला होता. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी ‘डिन’ या कंपनीवर झालेल्या हल्ल्याने ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा ठप्प झाल्या. त्या हल्लेखोराचे मूळ लक्ष्य सोनीचे प्लेस्टेशन नेटवर्क होते.

बचाव अवघड का, याचे उत्तर खेळाच्या स्वरूपात आहे. वेगवान खेळांतील माहिती बहुतांशी ‘यूडीपी’ पद्धतीने जाते. तीत आधी ओळख पटवण्याची रीत नसल्याने पाठवणाऱ्याचा खोटा पत्ता सहज खपतो. सर्व्हरवर फायरवॉल बसवून भागत नाही, कारण सर्व्हरपर्यंत येणारी तारच आधी तुंबते. गाळणी वर, सेवा पुरवठादाराच्या जाळ्यात हवी. तीही जवळ हवी. नागपूरच्या खेळाडूची माहिती मुंबईच्या सर्व्हरवर जाण्यापूर्वी परदेशी गाळणी केंद्राला वळसा घालू लागली, तर वेबसाइटच्या वाचकाला फरक जाणवणार नाही. नेमबाजीच्या खेळात मात्र तेवढ्या मिलिसेकंदांत डाव हातचा जातो. मोठ्या कंपन्या हा खर्च पेलतात. मित्रमंडळींसाठी छोटा सर्व्हर चालवणारा तरुण पेलू शकत नाही आणि खंडणीखोराचे फावते.

माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार अशा हल्ल्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे हल्ल्याची खबर सहा तासांत देणे बंधनकारक आहे. तथापि, हल्ला भाड्याने मिळतो, ही खरी अडचण. युरोपीय पोलिसांनी एप्रिल २०१८मध्ये बंद पाडलेल्या ‘वेबस्ट्रेसर’चे वर्गणीदर महिना १५ युरोपासून होते आणि नोंदणीकृत ग्राहक १ लाख ३६ हजारांवर.

खोट्या पत्त्याची माहिती आपल्या जाळ्याबाहेर जाऊ देऊ नये, ही सेवा पुरवठादारांसाठीची तांत्रिक शिफारस मे २०००पासूनची. ती सर्वांनी पाळली असती, तर निम्मे काम झाले असते. पण खोट्या पत्त्याचीही गरज नसलेली फौज उरतेच, आणि ती घराघरांत आहे. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षाचाचणी एप्रिल २०२५पासून सक्तीची झाली, तरी त्याआधी विकलेले कॅमेरे भिंतीवर आहेतच. मिराई उपकरणाच्या तात्पुरत्या स्मृतीत राहतो; वीजपुरवठा बंद करून पुन्हा सुरू केला की पुसला जातो. मात्र पेटीतून आलेला पासवर्ड तसाच राहिला, तर तेच उपकरण काही मिनिटांत पुन्हा ताब्यात जाऊ शकते.