बर्फातील सप्तपदी

उत्तराखंडातील त्रियुगीनारायण हे शिवपार्वतीच्या विवाहाचे स्थान, अशी श्रद्धा आहे. तेथील अखंड धुनी त्या विवाहाची साक्षी मानली जाते. बर्फातील छायाचित्रांच्या हौसेने तेथे हिवाळ्यात लग्न लावण्यास आमचा विरोध नाही. परंतु छायाचित्रकार ‘पुन्हा एकदा’ म्हणताच पुरोहिताने मंत्र थांबवावा, हे आम्हांस मान्य नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या ७ व्या कलमानुसार, सप्तपदी असेल तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. आवश्यक विधींवाचून केवळ नोंदणीने विवाह सिद्ध होत नाही, असे २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानेही बजावले. मग छायाचित्राने तो कसा व्हावा? बर्फाच्या झगझगाटात कॅमेऱ्याचे प्रकाशमापक फसते व चेहरे काळवंडतात. यजमानांनी तरी फसू नये. कॅमेऱ्याने विधीच्या मागून चालावे, पुढून नव्हे.